सोळा बटणांतला भैरव

१९८२ साली मुंबईतल्या एका वादकाने ठरवलं, की राग वाजवायचे पण तबला ठेवायचा नाही. तानपुराही नको, सारंगी-बासरीही नको. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग तीन जपानी यंत्रांवर उभे करायचे आणि त्यांच्याखाली डिस्कोचा ठेका सोडायचा. या वादकाचं नाव चरणजित सिंग. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या एचएमव्हीने, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने ही तबकडी काढली. ती खपली नाही, तिच्यावर चर्चा झाली नाही आणि थोड्याच दिवसांत ती विस्मरणात गेली.

पुढे २०१० साली ती युरोपात पुन्हा निघाली, तेव्हा तिथल्या जाणकारांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. त्यांना तिच्यात ‘अ‍ॅसिड हाउस’ ऐकू येत होतं. शिकागोच्या क्लबांमध्ये जन्मलेलं आणि १९८७ साली पहिल्यांदा तबकडीवर आलेलं संगीत पाच वर्षं आधी मुंबईत, तेही भैरवाच्या स्वरांत कसं वाजलं? काहींना तर हा एखाद्या चतुर युरोपीय कलाकाराने रचलेला बनाव वाटला. संशयितांमध्ये एफेक्स ट्विन या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचंही नाव घेतलं गेलं.

बनाव नव्हताच. खरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे, आणि ती समजून घ्यायची तर आधी त्या यंत्रांच्या पोटात शिरावं लागतं.

चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातले वादक. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या सगळ्यांकडे त्यांनी वाजवलं. बास गिटार, हवाइयन गिटार, व्हायोलिन, शिवाय विजेवर चालणारी निरनिराळी की-बोर्ड वाद्यं. ‘दम मारो दम’मधलं ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे विजेवरचं अ‍ॅकॉर्डियन, त्यांच्या हातचं. मुंबईतलं हे वादकांचं जग फार मोठं होतं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या मंडळींनी या वाद्यवृंदांना स्वरलिपी वाचून वाजवण्याची शिस्त लावली होती. शेजारच्या खुर्चीवर सतारवाला, मागे तबला-ढोलक, समोर व्हायोलिनच्या रांगा. अशा खोलीत वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला राग आणि पाश्चात्त्य वाद्य ही दोन वेगळी घरं वाटतच नाहीत. या तबकडीचं मूळ मला तिथेच दिसतं.

नवं वाद्य बाजारात आलं की ते मिळवायचं, हा सिंग यांचा छंद. सिंगापूरला त्यांनी रोलँड कंपनीची यंत्रं घेतली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही रुपेरी रंगाची छोटी बासपेटी. त्या काळी हिंदी चित्रपटांत आणि चित्रपटांबाहेरही डिस्कोची लाट होती. १९८० साली ‘कुर्बानी’, १९८१ साली नाझिया हसनची ‘डिस्को दीवाने’, १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’. तोच ठेका घेऊन काही निराळं करावं, असं त्यांच्या मनात आलं. घरी यंत्रं एकमेकांना जोडून त्यांनी रियाज केला, जुळलेलं कानाला बरं वाटलं, म्हणून ते ध्वनिमुद्रित केलं. पुढच्या मुलाखतींतही त्यांनी एवढंच सांगितलं. त्यामागे कुठलाही जाहीरनामा नव्हता.

आता ती बासपेटी. टीबी-३०३ हे तादाओ किकुमोतो यांनी घडवलेलं यंत्र १९८१ च्या अखेरीस बाजारात आलं. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला बास वाजवणारा साथीदार मिळावा, एवढाच त्याचा हेतू. पण खऱ्या बास गिटारसारखा आवाज त्यातून निघेना. त्यात धून भरणं हीसुद्धा कसरत होती, कारण स्वर एकदा भरायचे आणि लय वेगळी भरायची. यंत्र फसलं. साधारण दहा हजार नग बनवून १९८४ साली कंपनीने ते बंद केलं. उरलेली यंत्रं जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात पडून राहिली.

या फसलेल्या यंत्रात एक गोष्ट मात्र अद्भुत होती, ती म्हणजे त्याची गाळणी. यंत्र आधी करवतीच्या दातांसारख्या आकाराची एक लहर निर्माण करतं. या लहरीत मूळ स्वराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सगळे उपस्वर खच्चून भरलेले असतात. मग गाळणी त्यातला वरचा भाग कापते. कुठून कापायचं ते एका खुंटीने ठरतं. दुसरी खुंटी कापल्या जागेच्या काठावरचे उपस्वर फुगवून मोठे करते. आता पहिली खुंटी हळूहळू फिरवली की एकामागून एक उपस्वर त्या काठावर येतो, क्षणभर लखलखतो आणि मागे सरतो. स्वर तोच राहतो, पण त्याचं तोंड उघडत जातं. ‘ऊ’ म्हणता म्हणता ‘ई’वर यावं तसा तो रंग बदलतो. अ‍ॅसिड हाउसचा तो ओलसर, चिकट, कुरकुरणारा आवाज म्हणतात तो हाच.

तानपुऱ्यापाशी बसलेल्या माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटेल. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीला जो सूक्ष्म उतार देतात आणि तारेखाली दोरा सरकवून जी जवारी लावतात, तिचं कामही हेच आहे. तार छेडली की तिच्यातले उपस्वर एकदम न येता एकेक करून फुलत जातात, आणि षड्ज लावलेल्या तारेतून गंधारही डोकावतो. कारण सर्वस्वी वेगळं. एकीकडे लाकूड आणि तार, दुसरीकडे ट्रान्झिस्टर. पण कानाला मिळणारा अनुभव एकाच जातीचा : स्वर स्थिर, त्याचं अंतरंग हलतं. सिंग यांनी तानपुरा काढला आणि त्या जागी नकळत असं यंत्र आणून ठेवलं, ज्याला स्वर आतून उलगडून दाखवणं जमत होतं.

मला वाटतं, या तबकडीच्या कोड्याची मुख्य किल्ली याच्या पुढच्या पायरीवर आहे. डिस्को असो की चित्रपटगीत, पाश्चात्त्य वळणाच्या संगीतात कॉर्ड बदलतात. पायाखालची जमीन सारखी सरकते आणि त्या सरकण्यातून गाणं पुढे जातं. रागात जमीन हलत नाही. षड्ज एकच. सगळी वाढ त्या एका षड्जाच्या संदर्भात होते. सिंग यांना रागाशी प्रामाणिक राहायचं होतं, म्हणून त्यांनी कॉर्डची चाल टाकली. खाली ३०३ रागाच्याच स्वरांचं एक छोटं आवर्तन घोटत राहतं, ८०८ ठेका धरतं आणि वर ज्युपिटर-८ वर राग खेळतो. शिकागोच्या तरुणांनीही पुढे कॉर्डची चाल टाकली, पण त्यांचं कारण वेगळं. त्यांना रात्रभर नाचणाऱ्यांना एकाच अवस्थेत गुंतवून ठेवायचं होतं. एकच आधारस्वर, एकच आवर्तन, बदलतो तो फक्त आवाजाचा रंग. दोघे दोन टोकांनी निघाले आणि एकाच ठिकाणी पोहोचले. हातात यंत्र एकच असल्यामुळे आवाजही सारखा आला. एकमेकांची गंधवार्ता नसताना हे घडलं, हेच मला कुठल्याही ‘पहिला कोण’ या वादापेक्षा मोठं वाटतं.

अंतरंगाची आणखी एक गंमत. ३०३ मध्ये धून सोळा खणांत भरतात, ८०८ वरही सोळा बटणं ओळीने असतात. सोळा म्हटलं की आपल्याला तीनताल आठवतो. पण हिशेब फसवा आहे. यंत्राच्या सोळा खणांत डिस्कोचे चारच ठोके बसतात, प्रत्येक ठोक्याचे चार तुकडे. आणि दुसरा फरक अधिक खोल. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते. तबल्याचा बायाँ गप्प होतो, वजन उचललं जातं, आणि त्या मोकळीकेमुळेच पुढे सम येण्याची ओढ लागते. डिस्कोला खाली ठाऊक नाही. प्रत्येक ठोका भरीचा. त्यामुळे या तबकडीत समेवर येण्याचं सुख जवळजवळ नाही, आणि ते खटकतं. त्याच्या बदल्यात जे मिळतं ते वेगळं आहे. ठेका सपाट झाल्यामुळे सगळं लक्ष स्वरवाक्यावर जातं, आणि रागाची पकड लख्ख उजेडात दिसते.

मींडेचं काय, हा प्रश्न कुणीही शास्त्रीय संगीताचा श्रोता विचारणारच. पट्ट्यांच्या वाद्यांवरचा हा आपला जुना आक्षेप. संवादिनीवर मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती उठली नाही. गोविंदराव टेंब्यांनी ज्या वाद्यावर रसिकांना डोलायला लावलं, त्या वाद्याची ही गत. सिंथेसायझर या बाबतीत संवादिनीच्या पुढे आहे. ज्युपिटर-८ वर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, दांडी ढकलून स्वर वाकवताही येतो. ३०३ मध्येसुद्धा प्रत्येक खणात ‘हा स्वर पुढच्यात सरकव’ असं सांगायची सोय आहे, आणि ‘यावर जोर दे’ असंही. म्हणजे मींड आणि आघात, दोन्ही. उणीव एकच, पण ती मोठी : ३०३ ची प्रत्येक मींड ठरलेल्या वेळात होते. गायक मालकंसात मध्यमावरून गंधारावर कधी रेंगाळत येतो, कधी झटक्यात. यंत्राला तो विचार नाही.

म्हणून दहाही राग सारखे उतरलेले नाहीत. भूपाली, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच स्वरांचे राग. स्वरांमध्ये रुंद मोकळ्या जागा, चलन ठसठशीत. हे राग यंत्राच्या चौकटीत बसतात आणि कलावती तर नाचू लागतो. तोडी मात्र मला तोकडी वाटते. तिचा गंधार नेहमीच्या कोमलापेक्षाही उतरता हवा, आणि पट्टीवरच्या बारा स्वरांत ती जागाच नाही. भैरवाच्या ऋषभाचं आंदोलन, ललितातल्या दोन मध्यमांची कुजबुज यांबद्दलही असंच म्हणता येईल, फक्त तिथे सिंग यांचा हात बराच काही सांभाळून नेतो.

एक राग पाच मिनिटांत? हा आक्षेप मला तितकासा पटत नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मिळत, आणि मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत राग असा मांडला की तो आजही ऐकला जातो. थोडक्यात राग दाखवणं ही आपल्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातली पहिल्यापासूनची कला आहे.

मग १९८२ साली कुणी कान का दिला नाही? एक तर ही तबकडी कुठल्या खणात ठेवायची हेच दुकानदाराला कळलं नसावं. शास्त्रीयवाल्यांना ती डिस्को वाटली, डिस्कोवाल्यांना तिच्यात गाणारं कुणी सापडलं नाही. सिंग यांचं नाव चित्रपटगीतांच्या धून वाजवणारा वादक म्हणून माहीत. लोकांनी अपेक्षा धरली ओळखीच्या गाण्याची, आणि समोर आला ललित. शिवाय असा आवाज ऐकण्याची सवयच जगात फारशी कुणाला लागलेली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये ८०८ च्या ठेक्यावरचं ‘प्लॅनेट रॉक’ निघालं तेही त्याच वर्षी. भारतात इलेक्ट्रॉनिक संगीत झालंच नव्हतं असं मात्र समजू नये. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ सालीच मूग सिंथेसायझर बसवला गेला आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी त्यावर काम केलं. पण त्या ध्वनिफिती कपाटात राहिल्या. बाजारात उतरण्याचं धाडस केलं ते लग्नसमारंभांतही वाजवणाऱ्या एका व्यावसायिक वादकाने.

२००२ साली एडो बाउमान या डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत सापडली. त्याला हिंदी चित्रपटसंगीताचं वेड. हॉटेलवर जाऊन त्याने सोबतच्या छोट्या प्लेअरवर ती लावली आणि थक्क झाला. पुढे मुंबईत त्याने सिंग यांना शोधून काढलं आणि २०१० साली आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या कंपनीतर्फे तबकडी नव्याने काढली. समीक्षक तुटून पडले. ‘अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला’ हे वाक्य सगळीकडे फिरू लागलं. २०११ साली ‘गार्डियन’ने सिंग यांची मुलाखत घेतली तीही याच सुरात. गंमत अशी, की ज्याचं जनकत्व त्यांना दिलं जात होतं, ते अ‍ॅसिड हाउस त्यांच्या गावीही नव्हतं. आपण राग वाजवले, हेच त्यांचं म्हणणं.

काळजीपूर्वक ऐकणाऱ्या समीक्षकांनी लवकरच दुरुस्त्या सुचवल्या, आणि त्या योग्य होत्या. ३०३ त्याच सुमारास इतरांनीही वापरलं होतं. ब्रिटनच्या ‘हेवन सेव्हन्टीन’ने १९८२ च्या ‘लेट मी गो’मध्ये आणि स्कॉटलंडच्या ‘ऑरेंज ज्यूस’ने ‘रिप इट अप’मध्ये. आणि शिकागोचं श्रेय शिकागोलाच द्यायला हवं. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या ‘फ्यूचर’ गटाला जुनं ३०३ मिळालं. ते नीट वाजवता येईना, म्हणून ते धून चालू ठेवून नुसत्या खुंट्या पिळत राहिले. ती ध्वनिफीत रॉन हार्डीने ‘म्यूझिक बॉक्स’ या क्लबमध्ये लावली. पहिल्यांदा लोक बाजूला झाले, पण त्याने त्याच रात्री ती पुन्हा पुन्हा लावली आणि चौथ्या खेपेला लोक बेभान झाले, असं पिअर सांगतो. हेच १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ म्हणून निघालं. त्यांनी सिंग यांची तबकडी ऐकली असण्याची सुतराम शक्यता नव्हती. तिथे खुंटी पिळणं हेच वाजवणं होतं. सिंग यांच्याकडे खुंट्या जपून फिरतात, कारण सांगायचं ते स्वरांतून सांगून झालेलं असतं.

‘शोध लावला’ या शब्दांनी सिंग यांना कीर्ती दिली, याचा मला आनंदच आहे. पण त्याच शब्दांनी तबकडीतला अर्धा मजकूर झाकला गेला. युरोपीय कानाला खालचं ३०३ लगेच कळलं आणि वरचा राग ‘पौर्वात्य रंग’ म्हणून मागे ढकलला गेला. १९८२ साली आपल्याकडे नेमकं उलट झालं होतं : राग ओळखणाऱ्यांनी खालच्या यंत्राला पोरखेळ समजून कान बंद केले. खालचं आणि वरचं एकत्र ऐकणारा श्रोता तयार व्हायला वेळ लागला. आज तसे श्रोते पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. दुपारी यमनाचा रियाज करून रात्री टेक्नोवर नाचणारी पोरं. या तबकडीची खरी समीक्षा त्यांनी लिहावी, रागवार, स्वरवार, ती चुकते कुठे आणि साधते कुठे ते दाखवत.

सत्तरी ओलांडल्यावर सिंग योहान्झ वेस्टरमान या डच संगीतकाराच्या साथीने युरोपात कार्यक्रम करू लागले. समोर नातवंडांच्या वयाची मुलं. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मैफली सायंकाळी उरकण्याच्या आपल्या आजच्या रिवाजात मालकंसाला त्याची वेळ क्वचितच मिळते. शास्त्राप्रमाणे त्याचा प्रहर रात्रीचा तिसरा, म्हणजे मध्यरात्रीनंतरचा, आणि त्यानंतर पहाटेकडे झुकताना ललित. युरोपातले क्लब भरतात ते मध्यरात्रीनंतर आणि रिकामे होतात ते पहाटे. रागांच्या घड्याळाप्रमाणे मालकंस आणि ललित वाजवायला याहून चोख जागा शोधून सापडली नसती.